चेन, तान, त्रान : एका चिनी आडनावाची वंशकथा

इ.स. ६४१ च्या सुमारास एक चिनी भिक्षू महाराष्ट्रात येऊन गेला. 'मो-हो-ला-च' अशा अक्षरांनी त्याने या देशाचे नाव लिहून ठेवले, पुलकेशीच्या सैन्याचे आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन केले, आणि तेव्हापासून आपल्या प्रत्येक इतिहासग्रंथात ह्युएन त्संगाची साक्ष काढली जाते. या साक्षीदाराचे आडनाव काय होते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. वकिली व्यवसायात साक्षीदाराचे नाव, बापाचे नाव, राहणार कोठला, एवढे लिहून घेतल्याखेरीज जबानीला आरंभ होत नसल्यामुळे आम्हांला ती उणीव खटकली. तेव्हा नोंद अशी : संन्यासापूर्वीचे नाव चेन यी, राहणार हनान प्रांत. 'चेन' हे आडनाव, 'यी' हे स्वतःचे नाव. चिनी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी येते. भिक्षू झाल्यावर ते आडनाव गळून पडले. चौथ्या शतकात ताओ-आन नावाच्या आचार्यांनी असा दंडक घातला होता की, प्रव्रज्या घेणाऱ्या प्रत्येकाने बापाचे कुलनाव टाकून शाक्यमुनीचेच नाव धारण करावे. 'शाक्य' शब्दाच्या चिनी रूपातले पहिले अक्षर तेवढे आडनाव म्हणून राहिले, आणि चीनमधील भिक्षू आजही तेच लावतात. चेन यी असा शाक्यकुलात दत्तक गेला.

त्याने टाकलेले आडनाव आजच्या चीनमध्ये संख्येने पाचवे आहे. वांग, ली, चांग, ल्यू आणि चेन या पाच आडनावांत मिळून तिथल्या नोंदलेल्या लोकसंख्येपैकी सुमारे तीस टक्के लोक सामावतात. तैवानमध्ये चेन पहिल्या क्रमांकावर आहे. तिथे दर शंभर माणसांमागे साधारण अकरा चेन. मराठीत आपण 'चेन' लिहितो खरे, परंतु गळ्यातली चेन म्हणताना येणारा दीर्घ स्वर त्यात नाही. उच्चार 'छन्'च्या जवळचा, सुरुवातीला श्वास सोडून केलेला. रूढ झाले म्हणून आम्हीही 'चेन'च लिहू.

या नावाचा उगम सांगताना एक जुना भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्राचीन चीनमध्ये माणसाला आडनावे दोन प्रकारची असत. एक 'शिंग', म्हणजे मूळ कुळाचे नाव. दुसरे 'शी', म्हणजे त्या कुळातून फुटलेल्या शाखेचे नाव, जे बहुधा वतनावरून, गावावरून किंवा हुद्द्यावरून पडे. 'शिंग' हे अक्षर 'स्त्री' आणि 'जन्म' या दोन चिन्हांच्या जोडणीने बनले आहे, आणि अतिप्राचीन कुलनावांपैकी अनेकांच्या अक्षरांत स्त्रीचे चिन्ह दिसते. यावरून मातृवंशाचा काही अवशेष इथे उरला असावा असा तर्क पुष्कळांनी केला आहे. आपल्याकडील गोत्र आणि आडनाव यांची जोडी डोळ्यांसमोर आणली की हा भेद चटकन उमगतो. गोत्र लग्न जुळविताना विचारायचे, आडनाव दैनंदिन व्यवहाराचे. चीनमध्येही हेच होते. पुरुष शाखेच्या नावाने ओळखला जाई, स्त्री मात्र मूळ कुळाच्या नावाने, कारण एकाच कुळात विवाह निषिद्ध होता.

चेन घराण्याचे मूळ कुलनाव 'क्वेइ'. पुराणप्रसिद्ध सम्राट शुन हा क्वेइ नदीकाठी राहिला म्हणून त्याच्या वंशजांना हे नाव पडले, अशी परंपरा. इ.स.पूर्व अकराव्या शतकात चौ वंशाच्या वू राजाने शांग घराण्याचा पाडाव केल्यावर जुन्या सम्राटांच्या वंशजांना शोधून वतने दिली. शुनचा वंशज म्हणून क्वेइ मान याला चेन नावाचा प्रदेश मिळाला, आणि राजाने आपली थोरली मुलगीही त्याला दिली. मरणोत्तर तो 'हू-कुंग' म्हणून ओळखला गेला. हू आडनावाचे कित्येक लोक आपली वंशावळ त्याच्यापर्यंतच नेतात. हा चेन प्रदेश म्हणजे आजच्या हनान प्रांताच्या पूर्व भागातील ह्वाययांगचा परिसर. शुनची कथा ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. चेनचे राज्य मात्र उतरते.

त्या राज्याच्या एका राजकन्येचे उदाहरण देतो. तिला इतिहास 'शी क्वेइ' म्हणतो. यातील 'शी' हे तिच्या नवऱ्याच्या संस्थानाचे नाव (वर आलेल्या शाखानामाच्या 'शी'शी त्याचा संबंध नाही) आणि 'क्वेइ' हे माहेरचे कुलनाव. तिचे स्वतःचे नाव कोणी लिहूनच ठेवले नाही. इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या पूर्वार्धात चू राज्याच्या वन राजाने शी संस्थान बुडवून तिला पळवून नेले. त्याच्यापासून तिला दोन मुलगे झाले, पण ती आपण होऊन कधी त्याच्याशी बोलली नाही. दोन नवरे केलेल्या बाईने मरता येत नसेल तर बोलावे तरी काय, अशा अर्थाचे तिचे उत्तर जुन्या बखरीत नोंदलेले आहे. नवरा बदलला, राज्य बदलले, पण कागदावर ती अखेरपर्यंत क्वेइच राहिली.

आता अक्षराविषयी. चेनच्या पारंपरिक चिन्हात डाव्या बाजूला कानासारखी एक आकृती आणि उजव्या बाजूला 'पूर्व' दिशेचे चिन्ह आहे. म्हणून आडनाव सांगताना चिनी माणूस 'कान-पूर्ववाला चेन' असे फोड करून सांगतो, म्हणजे सारख्या उच्चाराच्या दुसऱ्या अक्षराशी गल्लत होत नाही. वस्तुतः तो कान नव्हेच; ते टेकडीचे वा उंचवट्याचे चिन्ह होते, लिहिता लिहिता झिजून कानासारखे झाले. शब्दाचा अर्थ मांडणे, रचून ठेवणे, मांडून दाखविणे. सैन्याची व्यूहरचना या अर्थी प्राचीन ग्रंथांत हेच अक्षर येते. त्यासाठी वेगळे अक्षर पुढे रूढ झाले. त्याचा आणखी एक अर्थ जुना, मुरलेला. संत्र्याच्या वाळवून मुरविलेल्या सालीला आणि जुन्या शिरक्याला चिनी स्वयंपाकघरात याच शब्दाने ओळखतात. पण आडनावाला यातला कोणताही अर्थ चिकटलेला नाही. चेन म्हणजे 'मांडणी करणारे' असे सांगणारी पुस्तके बाजारात मिळतात. ती बाजूला ठेवावीत. बेळगावकर या आडनावाचा अर्थ जसा गावापाशीच संपतो, तसे चेन हे एका भूभागाचे नाव, आणि त्या भूभागाचे म्हणून माणसांचे.

यापुढचा भाग भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत मोलाचा आहे. इ.स.पूर्व ६७२ मध्ये चेनच्या राजघराण्यात वारसाहक्काचा रक्तपात झाला आणि चेन वान नावाचा राजपुत्र पूर्वेकडील 'ची' या बलाढ्य राज्यात पळाला. तिथल्या ह्वान राजाने त्याला मोठे पद देऊ केले, ते त्याने नम्रपणे नाकारले आणि कारागिरांवरील अधिकाऱ्याची जागा पत्करली. त्याचे वंशज दोनशे वर्षे त्या दरबारात वाढत गेले. इ.स.पूर्व ४८१ मध्ये त्यांच्यापैकी एकाने राजाचाच वध केला, आणि इ.स.पूर्व ३८६ मध्ये चौ सम्राटाने या घराण्याला 'ची'चे अधिकृत राजे म्हणून मान्यता दिली. आश्रिताच्या वंशजांनी यजमानाचे राज्य घेतले. इ.स.पूर्व २२१ मध्ये चिन सम्राटाने सगळा देश एक केला, तेव्हा सर्वांत शेवटी पडले ते याच घराण्याचे राज्य.

या राजांना इतिहासकार सिमा च्यान 'त्येन' म्हणतो. त्येन म्हणजे शेत. आडनाव बदलले कसे? वतनावरून, लाजेपोटी, ओळख लपविण्यासाठी, अशी नाना कारणे टीकाकारांनी सुचविली. पण कन्फ्यूशियसच्या संवादांत राजाचा वध करणाऱ्या याच पुरुषाचा उल्लेख 'चेन' असा येतो. एक ग्रंथ चेन म्हणतो, दुसरा त्येन, आणि माणूस तोच. या कोड्याची उकल अठराव्या शतकात च्येन ता-शिन (१७२८–१८०४) या पंडिताने केली. त्याने दाखवून दिले की प्राचीन काळी, आज 'च' वर्गाने सुरू होणारे पुष्कळ शब्द 'त' वर्गाने सुरू होत. चेन आणि त्येन ही त्याच्या पुराव्यांतील एक जोडी होय. म्हणजे त्या काळी दोन्ही शब्द कानाला जवळजवळ एकच होते, आणि घराण्याने आडनाव बदललेच नव्हते. एकच उच्चार दोन अक्षरांनी लिहिला जात होता. पुढे एका अक्षराचा उच्चार सरकला, दुसऱ्याचा राहिला, आणि एका आडनावाची दोन झाली.

दंत्य व्यंजनाचा 'च' कसा होतो हे मराठी माणसाला परक्याने शिकवायला नको. सत्यचे साच झाले, नृत्यचा नाच झाला. चिनीतील वाट नेमकी तीच नाही, पण जीभ मागे सरकण्याची प्रक्रिया त्याच जातीची. फुच्येन किनाऱ्यावरील बोलींत हा बदल घडलाच नाही. म्हणून तिथला चेन आजही स्वतःला 'तान' म्हणवितो. राजधानीची भाषा पुढे गेली, कडेच्या प्रांतांनी जुना उच्चार जपला. प्रमाणभाषेच्या अभिमान्यांनी कडेच्या बोलींना अशुद्ध म्हणण्यापूर्वी हा दाखला पाहावा. सीमाभागातल्या आणि गोव्यातल्या मराठीविषयी पुण्याकडून आलेले शेरे आम्ही ऐकले आहेत.

चेनचे मूळ राज्य फार काळ टिकले नाही. चू आणि इतर मोठ्या राज्यांच्या कात्रीत ते सापडले होते. कन्फ्यूशियस काही वर्षे तिथे राहिला, आणि चेन व त्साय या दोन राज्यांच्या दरम्यान त्याची व शिष्यांची अन्नावाचून उपासमार झाली. इ.स.पूर्व ४७८ मध्ये चूने चेन गिळंकृत केले. राज्य गेल्यावर तिथल्या राजवंशाने आणि लोकांनी राज्याचेच नाव आडनाव म्हणून धारण केले. पुढे चिन आणि हान काळात कुलनाव व शाखानाव हा भेद पुसला गेला. 'क्वेइ' मागे पडले, 'चेन' उरले.

त्यानंतरच्या चेनांत राजे आहेत, बंडखोर आहेत. इ.स.पूर्व २०९ मध्ये चिन साम्राज्याविरुद्ध पहिला उठाव करणारा चेन शंग हा मोलमजुरी करणारा शेतकरी. त्याने आपली राजधानी केली ती नेमकी जुन्या चेनच्या नगरात, आणि सहा महिन्यांत तो संपला. तरी सिमा च्यानने त्याचे चरित्र राजघराण्यांच्या प्रकरणांत घातले. इ.स. ५५७ मध्ये चेन पा-शियेन नान्किंगला सिंहासनावर बसला आणि त्याने राजवंशाला स्वतःचे आडनावच दिले. ५८९ मध्ये हाही वंश बुडाला. ह्युएन त्संगाचा जन्म त्यानंतर थोड्याच वर्षांनी झाला.

पण घरोघरचे चेन ज्या पूर्वजाचे नाव घेतात, तो राजा नव्हे. हान काळातील चेन श नावाचा तो एक साधा तालुका अधिकारी, यिंगच्वानचा रहिवासी. दुष्काळाच्या वर्षी त्याच्या घरात चोर शिरून तुळईवर दडून बसला. चेन शने ते पाहिले, आरडाओरड न करता मुलानातवंडांना बोलावले आणि सांगितले की माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीने होतो. वर तुळईवर बसलेले गृहस्थ पाहा. चोर खाली उतरून पाया पडला, आणि यजमानाने त्याला रेशमाचे दोन तागे देऊन निरोप दिला. 'तुळईवरचे सद्गृहस्थ' हा चोरासाठी शब्दप्रयोग चिनी भाषेत आजही चालतो. ह्युएन त्संगाच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात त्याचा वंश याच चेन शपाशी जोडलेला आहे. दूरदेशीच्या कित्येक चेन घरांच्या दारावर 'यिंगच्वान' ही अक्षरे कोरलेली आढळतात, ती याच मूळगावाच्या आठवणीने.

वंशावळी जितक्या लांब, तितक्या त्या काळजीपूर्वक वाचाव्यात. उत्तर वेइ घराण्याच्या सम्राटाने इ.स. ४९६ मध्ये आपल्या श्येनपी जमातीच्या लोकांना चिनी आडनावे घेण्याची आज्ञा केली, तेव्हा 'होउ-मो-चेन' या तीन अक्षरी नावाचे लोक एका झटक्यात 'चेन' झाले. त्यांचा सम्राट शुनशी संबंध काय? आपल्या काळात प्रसिद्ध नट जॅकी चॅन याच्या वडिलांचे मूळ आडनाव फांग. त्यांनी ते बदलून चॅन घेतले. जगातला सर्वांत ख्यातनाम चॅन अशा रीतीने रक्ताने चॅन नाही.

क्यांगशी प्रांतातील चेनांच्या एका एकत्र कुटुंबाची कथा मिताक्षरा शिकलेल्या वकिलाला सोडवत नाही. कित्येक पिढ्या वाटणी न करता ते एका चुलीवर जेवत. त्यांच्याकडे शंभर कुत्री असून एक जरी आले नाही तरी बाकीची तोंड लावीत नसत, असे सुंग घराण्याचा अधिकृत इतिहास लिहितो. (कुत्र्यांच्या बाबतीत उलटतपासणी घेता आली असती तर बरे झाले असते.) कुलग्रंथांच्या सांगण्यानुसार १०६२ मध्ये, माणसे ३९०० झाली असता, सम्राटाने हुकूम काढून त्यांची वाटणी केली आणि त्यांना देशभर पांगविले. दक्षिणेतील अनेक चेन आपला उगम या पांगापांगीत सांगतात.

समुद्रापलीकडे गेल्यावर या एका अक्षराने जी रूपे घेतली त्यांची गणती मोठी आहे. कँटनमधून गेलेला तो चॅन, फुच्येनमधून गेलेला तान, हक्का बोलीचा चिन. सिंगापुरात तान हे सर्वांत मोठे चिनी आडनाव. श्यामेन विद्यापीठाचे संस्थापक तान का-की आणि चीनमध्ये आदराने स्मरले जाणारे चेन च्या-कंग हे दोन नव्हेत, एकच गृहस्थ. उलट, रोमन लिपीतील सारखेपणाला भुलूनही चालत नाही. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९३७ मध्ये चीन भवन उभारणारे तान युन-शान हे चेन नव्हेत; त्यांचे 'तान' हे निराळे अक्षर, निराळे कुळ. लिपी बदलली की दोन आडनावांचे एक होते आणि एकाची दोन होतात, हे कन्नड आणि इंग्रजीतून फिरून आलेल्या मतदारयादीत आपले नाव शोधणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

व्हिएतनाममध्ये हेच आडनाव 'त्रान' झाले. फुच्येनकडून आलेल्या पूर्वजांचे हे कोळी घराणे १२२५ मध्ये गादीवर बसले, १४०० पर्यंत टिकले आणि त्याने मंगोलांच्या तीन स्वाऱ्या परतविल्या. याच घराण्याने १२३२ मध्ये हुकूम काढला की आधीच्या 'ली' राजवंशाच्या आडनावाच्या सर्वांनी 'न्गुयेन' व्हावे. राजाच्या पूर्वजाच्या नावात 'ली' आहे, त्याचा उच्चार प्रजेच्या तोंडी नको, हे निमित्त. गेलेल्या राजवंशाची आठवण पुसावी, हा हेतू.

सातशे वर्षांनी तोच प्रयोग चिनी आडनावांवर झाला. इंडोनेशियात १९६६ मध्ये मंत्रिमंडळाच्या १२७ क्रमांकाच्या निर्णयाने चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन वळणाची नावे घेण्यासाठी सोपी वाट करून देण्यात आली. कागदावर ती सवलत होती. त्याच वर्षी चिनी शाळा बंद झाल्या, आणि पुढील वर्षी चिनी सणसोहळे उघड्यावर साजरे करण्यास मनाई झाली. अशा वाऱ्यात 'सवलती'चा अर्थ काय होतो ते सीमावासीयांना ठाऊक आहे. लोकांनी तोड काढली. तान घराण्यांनी सुतान्तो, हार्तान्तो, तानुविजाया अशी नावे घेतली. कानाला जावानी, पण मध्ये कुठेतरी 'तान' शाबूत. १९६७ ची ती सण-परंपरांवरील बंदी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० मध्ये उठविली. नावे बहुतेकांची तीच राहिली.

राजीखुशीने घेतलेल्या नावाचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये 'के ती-ह्वा' झाले. कोटणीसमधल्या 'को'ला जवळचे असे 'के' हे खरे चिनी आडनाव त्यांना मिळाले, आणि शेवटचे 'ह्वा' म्हणजे चीन. किल्ल्याचे दप्तर लिहिणाऱ्याचे आडनाव अशा प्रकारे चिनी कुलनावांच्या यादीत जाऊन बसले.

उरला कायदा. थांग काळातील संहितेने एकाच आडनावात विवाह करणाऱ्यांना दोन वर्षे सक्तमजुरी सांगितली होती; छिंग काळात साठ फटके आणि विवाह रद्द. कोट्यवधी चेनांनी आपसांत लग्न करायचे नाही, असा याचा शब्दशः अर्थ. व्यवहारात तो कितपत पाळला गेला हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे सगोत्र विवाहाची अडचण १९४६ च्या अधिनियमाने दूर झाली. कोरियात तशा प्रकारची बंदी घटना न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाविसंगत ठरविली. चीनने ती विसाव्या शतकात केव्हाच मागे टाकली, परंतु आडनाव ही निव्वळ खासगी बाब आहे असे तिथला कायदा अद्याप मानीत नाही. २००९ मध्ये चिनान शहरातील एका दांपत्याने मुलीला बापाचेही नव्हे आणि आईचेही नव्हे असे, जुन्या कवितांवरून सुचलेले नवेच आडनाव दिले. पोलिसांनी नोंद नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले, तिथून अर्थनिर्णयासाठी थेट राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीपर्यंत पोहोचले, आणि २०१५ मध्ये दावा फेटाळला गेला. आडनावात रक्ताचे नाते, परंपरा आणि नीतिकल्पना एकवटलेल्या असतात, केवळ आवड हे ते बदलण्यास पुरेसे कारण नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. ज्या देशात एका हुकमाने परक्या जमातीचे लोक एका दिवसात चेन झाले होते, त्याच देशातील हा निकाल.

स्थायी समितीने दिलेला अर्थ पुढे २०२१ पासून अमलात आलेल्या नागरी संहितेच्या १०१५ व्या कलमात उतरला. अपत्याने बापाचे किंवा आईचे आडनाव लावावे हा नियम. थेट वंशातील इतर वडीलधाऱ्यांचे, अथवा पालनकर्त्याचे आडनाव घेता येते हे अपवाद. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम एका वाक्याचे आहे : अल्पसंख्य जमातींतील नागरिक आपले आडनाव आपल्या सांस्कृतिक परंपरेनुसार व चालीरीतींनुसार ठेवू शकतील.